पार्बतामायचा उजवा पाय

माझी गावातली एकमेव प्रतिस्पर्धी भर दुपारी दवाखान्याच्या मागच्या दारानं आत आली आणि बाकावर टेकायच्या आधी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पयले समोरचं दार लावून घ्या."

मी दार लावलं. ओपीडी संपली होती. कंपाउंडर वानखडे जेवायला गेला होता. पार्बतामाय बाकाच्या कडेला अर्धवट टेकली, उजवा पाय लांब करून. कपाळावर घाम होता आणि तो उन्हाचा नव्हता.

"कोनाले सांगू नका," ती म्हणाली.

"काय सांगू नको?"

"मी इथं आली होती म्हनून."

ही चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमचे मोठे साहेब अकोल्याला बसत. मी मूळचा रिसोडचा. नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं आणि पोस्टिंग कामरगावच्या बाजूच्या एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून लग्नात भेटतात. दवाखाना दोन खोल्यांचा, खाटा चार. त्यातल्या दोन बहुतेक रिकाम्या असायच्या. पाठदुखीचा पेशंट तर माझ्याकडे फिरकतच नसे. तो पार्बतामायकडे जायचा.

पार्बतामाय पायाळू होती. जन्मताना मूल डोक्याऐवजी पायाकडून बाहेर आलं तर त्याला पायाळू म्हणतात आणि त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. उसण म्हणजे वाकताना किंवा ओझं उचलताना पाठीत एकदम भरते ती. सकाळी काही न खाता जायचं, तिच्या ओट्यापुढे पालथं पडायचं, ती तीनदा पाय लावणार, मग मागे वळून न बघता घरी जायचं. ती कोणाकडून काही घेत नसे. घेतलं तर गुण जातो म्हणे.

तिचं घर बौद्धपुऱ्यात होतं. गावचे पाटील, लक्ष्मणराव, तिच्या घरचं पाणी पीत नसत. पण उसण भरली की त्याच ओट्यापुढे धुळीत पालथे पडत आणि तिच्या पायाखाली पाठ देत. मी नवा होतो तेव्हा हे बघून मला फार हसू आलं होतं. नंतर तेवढं आलं नाही.

"काय होतंय, माय?"

"कमरेतून निंगते आन् पायात उतरते. खोकलली की जास्त. रात्री कूस बदलता येत नाही."

तिला टेबलावर झोपवलं आणि उजवा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. वीतभर उचलला असेल, तोच तिनं टेबलाची कड धरली.

"कुठपर्यंत गेली कळ?"

"पार अंगठ्यापर्यंत. कोनी तार ओढल्यावानी."

मग मी तिला दोन्ही पायांचे अंगठे वर ओढून धरायला सांगितलं. डावा अंगठा मी दोन बोटांनी दाबला तरी हलेना. उजवा एका बोटानं खाली गेला. हे मला आवडलं नाही.

"चप्पल निसटते का पायातून?"

तिनं माझ्याकडे चमकून पाहिलं. "आठ रोज झाले. मले वाटलं चप्पल ढिली झाली. नवी घेतली. तेबी निसटते."

याला सायटिका म्हणतात. कमरेतून एक जाड शीर निघते, जवळजवळ करंगळीएवढी जाड. ती कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून पार पायाच्या बोटांपर्यंत जाते. शरीरातली सगळ्यात लांब शीर. मणक्या-मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. ती गादी सरकली की शिरेच्या मुळावर दाबते. दुखणं असतं कमरेत, पण माणूस बोंब मारतो पायाची. दोरावर खाटेचा पाय पडला तर ओढ दोराच्या टोकापर्यंत जाणवणारच. नुसतं दुखणं असेल तर घाबरायचं कारण नसतं, बहुतेक लोक महिना-दीड महिन्यात बरे होतात. पण पायाचा जोर जायला लागला तर शीर खरोखरच चेपली आहे असं समजायचं. आणि लघवी अडली तर थांबायचं नाही, सरळ ऑपरेशनला पाठवायचं. तेव्हा ते नागपूरला व्हायचं.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मला मात्र चिडवायची खुमखुमी आवरली नाही.

"माय, साऱ्या पंचक्रोशीच्या पाठीला तू पाय लावते. तुझ्या पाठीला कोण लावणार?"

"तोच तर वांधा हाय," ती म्हणाली. "दुसरं पायाळू कोनी नाही इकडं. आन् सोताचा पाय सोताच्या पाठीले पोचत नाही. पाह्यलं मी करून."

यावर मी हसलो. ती हसली नाही. थोडा वेळ तिनं लुगड्याच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"हा पाय हाय म्हनून लोकं मले माय म्हनतात, साहेब. पाय गेला तर मी रोजानं निंदाले जानारी बाई. तेबी लंगडी. आन् लोकं म्हनतीन, सोताचं दुखनं गेलं नाही तिच्यानं, आपलं काय जाते."

तिला पायाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि कोणाला घाबरताना पाहिलं की लगेच आश्वासनं द्यायचो. मी म्हणालो, "कोणाला कळणार नाही. तू आजपासून इथं ॲडमिट हो. तीन आठवडे झोपून राहायचं."

आज हे कोणी सांगत नाही. आता सायटिकाच्या पेशंटला दोन-तीन दिवसांत चालायला लावतात. तेव्हा मात्र आम्ही माणसाला पार खाटेला जखडायचो. मी खाटेवर गादीखाली लाकडी फळी टाकली. पायथ्याकडून खाट विटांवर उचलली. उजव्या पायाला पट्ट्या चिकटवून त्यांना दोर बांधला आणि दोराला वाळूच्या पिशव्या लटकवल्या. याला ट्रॅक्शन म्हणतात. पाय ओढला की मणक्यांवरचा दाब कमी होतो असं आम्ही मानत होतो. निदान पेशंट उठून पळत नाही, हा फायदा नक्की होता. दुखायचं थांबावं म्हणून गोळ्या दिल्या. वानखडेला बजावलं, कुठं बोलायचं नाही. तो म्हणाला, "मले सांगाले लागते का, साहेब?"

तिसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मणराव पाटील खिडकीत उभे. पाठ वाकडी, एक हात कमरेवर.

"पार्बतामाय इथं हाय म्हनतात."

वानखडे औषधाच्या कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत होता. मी काही बोलायच्या आत आतून मायचा आवाज आला.

"डॉक्टरसाहेबानं बोलावून घेतलं मले. इथंच राहा म्हने."

बोलावलं नव्हतं, पण बाकी खरं होतं. मी खरोखरच तिला इथंच राहा म्हणालो होतो. पाटील आत आले. खाट, विटा, दोर, पिशव्या असं सगळं त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हे कायले?"

कपाटातून वानखडे म्हणाला, "उजवा पाय चार्जिंगले लावला."

पाटलांनी मान हलवली. त्यांच्याकडे ट्रकच्या बॅटरीवरचा रेडिओ होता. चार्जिंग म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. "मंग डावा चालते का?"

"जन्मली तवा दोनी पाय बराबरच आले," माय म्हणाली. "बसा खाली. इकडं पाठ करा."

पाटील खाटेला पाठ करून जमिनीवर बसले आणि तिनं झोपल्या झोपल्या मोकळा डावा पाय त्यांच्या पाठीला तीनदा लावला. पाटील उठले आणि मागे न बघता गेले. दोन दिवसांनी त्यांची उसण गेली. उसण तशीही तीन-चार दिवसांत जातेच, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. ते ऐकून घेणारे नव्हते हा भाग वेगळा.

आठवड्याच्या आत गावात पक्कं झालं की सरकारनं दवाखान्यात पायाळू भरती केली. काही जणांना याचं आश्चर्यही वाटलं नाही. कामरगावहून माणसं यायला लागली. एक जण मानोऱ्याहून एसटीनं आला. माझ्या ओपीडीच्या रजिस्टरला पहिल्यांदाच एका दिवसात दुसरं पान लागलं.

मी हे थांबवायला हवं होतं. एकदा थांबवायला गेलोही. व्हरांड्यात सगळ्यांना बसवलं, भिंतीवर खडूनं कंबर आणि पाय काढला आणि शीर कशी जाते ते समजावलं. कमरेतून निघते, पायाच्या बोटापर्यंत जाते, एकच शीर आहे, मधे तुटत नाही. लोक मन लावून ऐकत होते. मला वाटलं, आता यांच्या डोक्यात उजेड पडला.

एक म्हातारा उठला. "म्हंजे पाय आन् कंबर आतून जोडेल हाय?"

"बरोबर."

"मंग बराबरच हाय ना. कमरेचं दुखनं पायानंच जाईन. हे आमी कवाचं सांगून राह्यलो."

सगळे खूश झाले. सायन्सनंही आता मान्य केलं म्हणून दुसऱ्या दिवशी रांग वाढली. मी खडू ठेवून दिला.

शेवटी मी मायशी सौदा केला. "तुला पाय लावायचाच असेल तर लाव. पण नुसता टेकव, रेटायचा नाही. आणि त्याआधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. चप्पल पायातून निसटते का? लघवी मोकळी होते का? संध्याकाळी अंगात ताप येतो का, कपडे ढिले झालेत का? तिन्ही ठीक असेल तरच पाय. एकातही गडबड निघाली तर तो पेशंट माझा."

"ताप कायले इचाराचा?"

"मणक्याला टीबी होतो. वरून साधी पाठदुखी दिसते, पण मणका आतून पोखरलेला असतो. त्याच्यावर जोर दिला तर मणका बसतो आणि माणूस आयुष्यभर उठत नाही."

ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. तीस वर्षांत पाय लावलेल्या पाठी ती आठवत असावी. मग म्हणाली, "हे मले आधी काहून नाही सांगतलं कोनी?"

माझ्याआधी या गावात आलेल्या प्रत्येक डॉक्टरनं तिला हसण्यावारी नेलं होतं. मीही दीड वर्ष तेच करत होतो. मला लाज वाटली आणि मी ती तिला सांगितलीही.

त्या दिवसापासून माय खाटेवरून खणखणीत आवाजात विचारायची. लक्ष्मणराव पाटील दुसऱ्यांदा आले तेव्हा रांगेतल्या सहा जणांसमोर तिनं त्यांच्या लघवीची चौकशी केली. पाटलांचे कान लाल झाले, पण उत्तर दिलं. तिनं दोन पेशंट माझ्याकडे पाठवले आणि दोन्ही बरोबर पाठवले.

बऱ्याच वर्षांनी भाच्याकडे परदेशात गेलो होतो तेव्हा त्यानं मला एका कायरोप्रॅक्टरकडे नेलं. हा माणूस हातानं मणके दाबून, वळवून पाठ मोकळी करतो. स्वच्छ खोली, कोपऱ्यात पाठीच्या कण्याचा सापळा. मला हात लावायच्या आधी त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. पायाचा जोर, लघवी, ताप, वजन. मी उत्तरं द्यायचं सोडून हसत सुटलो. भाचा ओशाळला. त्याला काय सांगणार, की आमच्याकडे हे सगळं एक बाई खाटेवर पडून करायची.

मायच्या ट्रॅक्शनला अठरा दिवस झाले होते. त्या सकाळी दवाखान्यापुढे जीप थांबली. अकोल्याहून साहेब, न कळवता. इन्स्पेक्शन.

साहेब दारात उभे राहिले. आत पाच माणसं खाटेला पाठ करून ओळीनं जमिनीवर बसलेली. खाटेवर पेशंट. पेशंटचा एक पाय दोराला टांगलेला, दुसरा पहिल्या माणसाच्या पाठीवर.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"सर, ट्रॅक्शन."

"पाठीला पाय लावणं हे ट्रॅक्शन?"

"सर, ट्रॅक्शन उजव्या पायाला आहे. डाव्याचा विषय वेगळा आहे."

पाच माणसं मागे न बघता निघून गेली. त्यातल्या चौघांना अजून पाय लागला नव्हता. साहेब खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तुम्हाला मेमो येईल. एक्स्प्लनेशन तयार ठेवा. सरकारी दवाखान्यात हे चालतं? स्टॉक रजिस्टर आणा."

लिहिता लिहिता त्यांचं पेन खाली पडलं. त्यांनी ते उचललं. मी रजिस्टर आणायला आतल्या खोलीत गेलो. नोकरी गेली तर रिसोडला वडिलांना काय सांगायचं याचा विचार करत होतो. वानखडेनं रजिस्टर भलत्याच कपाटात ठेवलं होतं, त्यामुळे वेळ लागला. परत आलो तर खुर्ची रिकामी. साहेब मायच्या खाटेशी होते. तिच्याकडे पाठ करून.

"जीपमुळे धरते," ते खालच्या आवाजात सांगत होते. "सहा महिने झाले. लाव बाई, पटकन लाव."

"चप्पल निसटते का?"

"मी बूट घालतो."

"लघवी मोकळी होते का?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "होते."

"संध्याकाळी ताप येते का?"

"बारीक कणकण असते. दगदगीनं येते."

"आन् पट्ट्याले नवं भोक कवा पाडलं? मघा समोर बसले तवा दिसलं मले. खिळ्यानं पाडेल दिसते."

साहेबांचा हात पट्ट्याकडे गेला. दुकानातून आलेली भोकं गोल होती. त्यांच्या आत, बकलाच्या बाजूला, दोन ओबडधोबड होती.

"मघा पेन पडला तवा तुमी वाकले नाही," माय म्हणाली. "पाठ सरळ ठेवून खाली बसले आन् मंग उचलला. मी पाह्यलं. तुमाले पाय नाही लावत मी, साहेब. डॉक्टरले दाखवा."

"मी डॉक्टर आहे."

"मंग दुसऱ्या डॉक्टरले दाखवा."

दुसरा डॉक्टर रजिस्टर घेऊन दारात उभा होता. साहेबांनी मला पाहिलं आणि शर्ट वर केला. मी एकेक मणक्यावर बोटानं टिचकी मारत खाली गेलो. एका ठिकाणी साहेब जागच्या जागी ताठले. मी म्हणालो, "सर, आजच अकोल्याला जाऊन एक्स-रे काढा. आणि जीप हळू चालवायला सांगा."

त्यांनी वाद घातला नाही. पंधरा मिनिटांपूर्वी त्याच माणसानं माझ्यासमोर पेन उचललं होतं आणि मी मेमोच्या विचारात होतो. टीबीचं सांगणारा मी, पण पट्टा वाचला तिनं.

एक्स-रेत मणका खरंच पोखरलेला निघाला. लवकर सापडला होता. साहेबांना वर्षभराहून जास्त काळ इंजेक्शनं आणि गोळ्या घ्याव्या लागल्या, कित्येक महिने कमरेला प्लास्टर होतं, पण ते स्वतःच्या पायांवर ऑफिसला परत आले. मला मेमो मात्र आला. तो बहुधा एक्स-रेच्या आधीच टाइप झाला होता. त्यामागून दुसरं पत्र आलं. मेमो मागे घेतला असं त्यात कुठं नव्हतं. एकच ओळ होती, 'पेशंट पार्बताबाई यांची प्रकृती कळवावी.'

प्रकृती कळवणं अवघड होतं. तीन आठवड्यांनी तिची कळ गेली होती. पण उजवा अंगठा अजून माझ्या बोटाखाली दबत होता. शीर चेपली की जोर यायला महिने लागतात, आणि येईलच अशी खात्री नसते. मी तसं स्पष्ट सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि चप्पल सुतळीनं पायाला बांधून घरी गेली. ओट्यावर डाव्या पायानं काम सुरू झालं. गावाला फरक पडला नाही. तिला पडला होता. येता-जाता ती मला विचारायची, "येईन का वो जोर?" आणि मी म्हणायचो, "दाखवायला ये." पण कापसाची वेचणी लागली आणि तिचं येणं बंद झालं.

हिवाळ्यात एका सकाळी मी त्या खाटेखालच्या विटा काढत होतो. वानखडे आला नव्हता. खाट एका हातानं उचलली, वाकलो, आणि पाठीत जे भरलं त्यानं तिथंच बसलो. श्वास घेतला तरी कळ. मी स्वतःला तपासलं. पाय सरळ वर जात होता, अंगठ्यात जोर होता. साधी उसण होती. गोळी घेऊन पडून राहायचं, तीन-चार दिवसांत जाते, हे मला पूर्ण माहीत होतं.

मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि बौद्धपुऱ्यात तिच्या घराच्या मागच्या बाजूनं गेलो. काही खाल्लं नव्हतं. नियम म्हणजे नियम.

माय चुलीपुढे बसली होती. मला पाहून तिनं तवा खाली उतरवला. उठली आणि आधी समोरचं दार लावलं.

"चप्पल निसटते का?"

"नाही."

"लघवी?"

"मोकळी."

"ताप? पट्टा?"

"माय, तू मला ओळखते ना?"

"मी कोनाले ओळखत नाही. ताप येते का नाही ते सांगा."

"नाही येत."

"मंग पडा पालथे."

मी सारवलेल्या जमिनीवर पालथा पडलो. तिचा पाय पाठीला लागला. टाच, मग तळवा, मग अंगठा. अंगठा मणक्याच्या बाजूला घट्ट रुतला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तसाच. मी पडल्या पडल्या विचारलं, "माय, हा कोणता पाय?"

अंगठा अजून थोडा रुतला.

"उजवा," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा, आला का नाही?"

मी सांगितलं, पूर्ण आला. मग उठलो आणि मागे न बघता दवाखान्यात गेलो. तिचा केसपेपर काढला आणि त्यावर लिहिलं, उजवा अंगठा, जोर पूर्ववत. अकोल्यालाही तेच कळवलं. कसा तपासला, ते कुठंच लिहिलं नाही.